भांगेचा पेला आणि कायद्याचें माप

महाशिवरात्रीस आणि होळीस काशींत भांगेची ठंडाई घोटली जाते. बदाम, बडीशेप, मिरीं, खसखस आणि दूध यांच्या जोडीला भांगेचा बारीक वाटलेला गोळा असतो. घोटणाराचा हात सरावलेला असतो; परंतु एका पेल्यांत मादक द्रव्य किती उतरलें, हें त्यालाही सांगतां येत नाहीं. याच वनस्पतीचा अर्क घातलेलीं पेयें आज कॅनडांत व अमेरिकेंत डब्यांतून विकलीं जातात, आणि तेथील कायद्याचा सारा खटाटोप याच एका प्रश्नाभोंवतीं चालला आहे: पेल्यांत किती?

या वनस्पतीचें काय करावें, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. १८९३ सालीं सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं सात सभासदांचें कमिशन नेमलें. १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकून कमिशननें असा अभिप्राय दिला कीं, माफक सेवनापासून सामान्यतः मोठा अपाय दिसत नाहीं, अतिरेक मात्र घातक ठरतो. तेव्हां समूळ बंदी न करतां कर व परवाने यांनीं व्यापारास आळा घालावा. पुढें १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंधन घातलें, पण फुलोरा नसलेलीं पानें त्या व्याख्येबाहेर राहिलीं. त्यामुळें भांगेचा कारभार राज्यांकडे आला. राजस्थान व उत्तर प्रदेश येथें तिचीं परवानाधारक दुकानें आहेत. महाराष्ट्रांत ती दारूबंदीच्या कायद्याच्या कक्षेंत येते. दुकान कोणीं चालवावें, हें परवाना ठरवितो. पेल्याचा जोर मात्र घोटणाराच्या हातावरच राहतो.

भांगेंतील मादक द्रव्याचें नांव टीएचसी. तें पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. ठंडाईंत दूध व बदाम असतात ते केवळ रुचीसाठीं नव्हेत. आजचे कारखानदार हेंच तेलकट द्रव्य अतिसूक्ष्म कणांत फोडून पाण्यांत मिसळतात. खाद्यांतून घेतलेल्या टीएचसीचा अंमल चढण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. ‘कांहींच झालें नाहीं’ असें समजून मनुष्य दुसरा पेला घेतो, आणि मग दोहोंचा भार एकदम येतो. पेल्यांत किती, हें ठाऊक असणें म्हणूनच अगत्याचें.

कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ पासून ही वनस्पती कायदेशीर केली व पुढील वर्षीं पेयांनाही मुभा दिली. एका डब्यांत १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी असतां कामा नये, असा तेथील दंडक आहे. मद्याच्या बड्या कंपन्यांनीं या धंद्यांत मोठ्या आशेनें भांडवल ओतलें. परंतु गिऱ्हाईक तितक्या उत्साहानें धांवून आलें नाहीं. नियमांतील एका हिशेबामुळें ३५५ मिलिलिटरचे जेमतेम पांच डबेच एका वेळीं जवळ बाळगतां येत. २०२२ च्या अखेरीस ती मर्यादा ४८ डब्यांवर गेली. तरीही एकंदर विक्रींत पेयांचा वांटा लहानच राहिला.

अमेरिकेंत याच्या उलट झालें. २०१८ च्या शेतकी कायद्यानें, कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलें रोप मोकळें केलें. डोळ्यांपुढें शेतांतील पीक होतें. व्यापाऱ्यांनीं मात्र तीच टक्केवारी तयार पेयाला लावली. येथें शाळेंतील त्रैराशिक मांडून पाहावें. ३५५ ग्रॅम वजनाच्या पेयाचे ०.३ टक्के म्हणजे हजार मिलिग्रॅमहून अधिक! कॅनडाच्या मर्यादेच्या हें शंभरपट झालें. मिनेसोटा राज्यानें १ जुलै २०२२ पासून एका मात्रेस ५ मिलिग्रॅमची मर्यादा व गिऱ्हाइकास २१ वर्षांची अट घातली, आणि तेथील लहान बियर-कारखान्यांना एक नवा आधार मिळाला. मद्यपानाकडून लोकांचें मन तेथें उतरतही होतें: २०२५ मध्यें गॅलप संस्थेच्या पाहणींत मद्य घेतों असें सांगणारे प्रौढ ५४ टक्के, म्हणजे आजवरच्या नोंदींतील सर्वांत कमी, आढळले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मध्यवर्ती कायद्यानें दुसरें टोक गांठलें. एका डब्यांत अवघें ०.४ मिलिग्रॅम टीएचसी चालेल, आणि अंमल एका वर्षानें, असें ठरलें. मिनेसोटाची एक मात्रा याच्या साडेबारापट होते! पहिल्या मापानें अविचारी विक्रेत्यास मोकळें रान मिळालें. दुसऱ्या मापाचा घाव, नियम पाळून कारखाना उभारणाऱ्यावरही बसणारा आहे.

माप शून्य केल्यानें मागणी शून्य होत नाहीं. ती आडवाटेला लागते. उलट, माप सैल ठेवल्यास घरांतील थंडाव्याच्या पेटींत सरबताच्या शेजारीं तसाच रंगीत डबा येऊन बसतो, आणि मुलाच्या हाताला तो आधीं लागतो. डब्यावर ठळक अंक, विकणाराला वयाची अट, आणि पिणाराला गाडी न चालविण्याची सक्त ताकीद, इतकें तरी कोणत्याही राज्याला करतां येण्यासारखें आहे. काशीच्या पेल्याला परंपरेचें पाठबळ आहे खरें; पण परंपरा मिलिग्रॅम मोजीत नाहीं. तें काम कायद्यानेंच करावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्याला आधीं हिशेब नीट यावा लागतो.