दाट ऊतींआडची गाठ

नेहमीच्या मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून त्याचे क्ष-किरण चित्र घेतले जाते, आणि त्यात चरबी काळसर तर दुग्धग्रंथी व तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच उमटत असल्याने, ज्या स्तनांत या ऊतींचे प्रमाण अधिक असते, म्हणजे वैद्यकीय परिभाषेत जे ‘दाट’ ठरतात, तेथे ती सहज झाकली जाते. हा दाटपणा हाताला कळत नाही, तो चित्रातच दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मान्यता दिलेल्या टोमोसिंथेसिस या पद्धतीत क्ष-किरणांची नळी स्तनावरून कमानीसारखी फिरत अनेक कोनांतून अल्प मात्रेची चित्रे घेते, संगणक त्यांपासून सुमारे १ मिलिमीटर अंतराचे थर रचतो, आणि एकावर एक पडलेल्या सावल्या सुट्या होतात. एमआरआयची रीत निराळी: शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त द्रव्य गाठीभोवती नव्याने फुटलेल्या, काहीशा गळक्या रक्तवाहिन्यांमुळे तेथे लवकर साठते आणि ती जागा उजळते. ही तपासणी संवेदनशील खरी, पण महागडी, आणि तिच्यात निरुपद्रवी गाठीही कधीकधी उजळतात. म्हणून अंतिम निदानासाठी सुईने ऊतीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.