रकाना

(फर्दापूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. शिक्षण मॅट्रिक. पाळी सुटली की कविता लिहितो. तुम्ही पदवीधर पोरं, आयआयएमचे फॉर्म भरणार, आणि सल्ला द्यायला हमाल बोलावलाय. हसा. मलाही हसू आलं होतं. पण आलो. कारण माझ्या धाकट्या भावाचा फॉर्म माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत भरला गेला आणि चुकला.

भाऊ बी.कॉम. झालेला, हुशार. क्लासातली पोरं त्याला म्हणायची, तुझं काय बाबा, तुझी सीट राखीव. ते त्याच्या छातीत रुतून बसलं. फॉर्मात प्रवर्गाचा रकाना आला तसं त्यानं 'जनरल' केलं. म्हणाला, "दादा, दाखवूनच देतो साल्यांना." माझी छाती फुगली. त्याच रात्री मी त्याच्यावर कविताही लिहिली. निकाल लागला. गुण चांगले होते, पण जनरलच्या यादीला पुरले नाहीत. रकाना बदलू म्हटलं, तर अर्ज गेल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही. वर्ष गेलं. टोमणे मारणाऱ्यांचं काय गेलं? काय नाय.

म्हणून आधी हेच सांगतो. रकाना खरा भरा. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. ही खिरापत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेल्या मजुरीतला हा थोडासा हप्ता आहे. कॅटला बसायला पदवीला ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५ चालतात. फीसुद्धा निम्मी. फॉर्म ऑगस्टात सुटतो, परीक्षा नोव्हेंबरात. जातीचा दाखला त्याआधी हातात पाहिजे, ऐन वेळी तहसीलच्या पायऱ्या झिजवू नका. पैशांचं म्हणाल, तर अनुसूचित जातींसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. जागा मोजक्याच, म्हणून प्रवेश मिळाल्या दिवसापासून मागं लागा.

आता पेपर. दोन तास, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका भागातला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायाचं उत्तर चुकलं की एक वजा. गोदीत नवखा पोरगा आला की मर्दानगी दाखवायला सगळ्यात जड पोत्याला भिडतो आणि दुपारी कंबर धरून बसतो. जुना गडी पोतं आधी हलवून बघतो, मग पाठीवर घेतो. प्रश्न असे हलवून बघा. इंग्रजीला घाबरू नका. रोज एक अग्रलेख वाचा, कळो न कळो, वाचा. भाऊ तसाच शिकला.

मग मुलाखत. दहावी-बारावीचे गुणही तिथं धरतात, ते आता बदलत नाहीत. पण तोंड तुमचं आहे. क्लासवाले घोटून घेतलेली उत्तरं देतात, ती सोडा. विचारतील, फर्दापूर कुठं? सांगा, अजिंठ्याच्या पायथ्याशी. गाड्या टी-पॉइंटला थांबतात, पुढं चारेक किलोमीटर बसनं जायचं. दगड, माळा विकणारा पोरगा बस सुटते तिथंच का उभा राहतो, दहाचं पन्नास का सांगतो, गिऱ्हाईक आटल्यावर काय खातो, माल कुणाकडून उधार आणतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? ह्यालाच ते लोक बाजाराचा अभ्यास म्हणतात. लाजून लपवलंत तर तुमच्याकडं उरतं काय?

वर १२ नंबरच्या लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाची नोंद कोरलेली आहे. छिन्नी धरणाऱ्याचं नाव त्या नोंदीत नाही. आपण त्या छिन्नीकडची माणसं. आता नोंदवही आपल्या हातात घ्यायची आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला अर्थशास्त्र शिकायला गेले. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले, तर पाण्याच्या भांड्यावरून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ आला. त्याच सिडनहॅमच्या नावाची व्यवस्थापन संस्था आज चर्चगेटला आहे, तिथं राज्याच्या सीईटीतून जाता येतं. तोही फॉर्म भरा. एकाच दारावर डोकं आपटू नका.

आणि एक. उद्या तुम्ही मॅनेजर व्हाल. कंत्राटावरच्या हमालाची हजेरी तुमच्या सहीनं लागेल. त्याचा खाडा मांडण्याआधी विचारा, तो का आला नाही. एवढं विसरलात तर तुमचं शिकणं आमच्या पाठीवरचं आणखी एक पोतं.

भाऊ पुन्हा फॉर्म भरतोय. या वेळी रकाना खरा भरलाय, मी शेजारी बसून पाहिलं. कविता मात्र लिहिली नाही. आधी यादी लागू दे.

जयभीम.