गंगेतील डॉल्फिन आणि अशोकाचा शब्द



सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांत ‘गंगापुपुटक’ हे नाव कोरविले. अभ्यासक त्यास गंगेतील डॉल्फिन मानतात. ज्या विक्रमशिलेतून आचार्य अतिश अकराव्या शतकात तिबेटात गेले, तिच्याच नावाने भागलपूरजवळ १९९१ साली या प्राण्याचे अभयारण्य स्थापन झाले.

भारताने बुद्धांचे पवित्र अवशेष २०२२ मध्ये मंगोलियात व २०२४ मध्ये थायलंडमध्ये दर्शनार्थ पाठविले. अवशेष मंजूषेतून नेता येतात. नदीच्या दर्शनास मात्र पाहुण्यांनाच यावे लागते. २०२५ च्या अहवालानुसार देशातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आहेत. मासेमारीची जाळी व सांडपाणी यांतून ते वाचले, तरच करुणेचा आपला संदेश जगाला खरा वाटेल.