निमित्ताशिवायची भेट
(मंडळाच्या गणेशोत्सव कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने विषय दिला 'माझा प्रवास'. समोर काशी, चारधाम, अमेरिका करून आलेली मंडळी बसली आहेत. आमचा प्रवास चार दिवसांचा, मोटारसायकलवरचा आणि एकट्याचा. कलबुर्गी, हुमनाबाद, भालकी, उदगीर, बीदर आणि परत कलबुर्गी. एकटे होतात तर 'आम्ही' कसे, असं कोणी विचारील. आपल्याकडे माणूस एकटा असला तरी 'आम्ही'च म्हणतो, तेवढं चालवून घ्या.

आपण सोयऱ्यांना भेटतो कधी? लग्नात आणि तेराव्याला. लग्नात आहेर, फोटो आणि जेवणाची रांग. बोलणं राहूनच जातं. तेराव्याला ज्याच्याशी बोलायचं तोच नसतो. मधल्या काळात फोनवर सकाळची फुलं येतात, आपण हात जोडल्याचं चित्र पाठवतो. म्हणून ठरवलं, यंदा निमित्त नसताना जायचं. आणि एकट्यानं जायचं. कुटुंब घेऊन गेलं की यजमानाला पाहुणचार मांडावा लागतो, निघताना साडीचोळी करावी लागते. एकटा माणूस सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसतो आणि घरातलं खरं बोलणं तिथंच होतं.

वेळा अमावास्येला जोडून सी.एल. टाकली आणि दोन दिवस आधी निघालो. कमलापूरला रस्त्याच्या कडेला तांबडी केळी विकायला असतात, भौगोलिक मानांकन मिळालेली. तीन घरांसाठी तीन फण्या घेतल्या.

पहिला मुक्काम हुमनाबादला, डिप्लोमाच्या वेळच्या खोलीतल्या मित्राकडे. त्याचं घर कानडी. त्याच्या आई आमच्याशी कानडीत बोलतात, आम्ही अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतो आणि दोघांचंही काही अडत नाही. संध्याकाळी माणिकनगरला जाऊन आलो. माणिक प्रभूंनी (1817–1865) सर्व मतांना मान देणारा सकलमत संप्रदाय इथं उभा केला. त्यांची पदं मराठीतही आहेत, कानडीतही आणि उर्दूतही. आपला हा मुलूख कसा आहे हे समजून घ्यायचं तर आधी तिथं जाऊन बसावं. सकाळी निघताना आईंनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली.

दुसरा मुक्काम भालकीला, आमच्या मोठ्या आत्याकडे. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण आवाज खणखणीत. जेवण झाल्यावर तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत जमिनीची कागदपत्रं. सासऱ्यांच्या वेळचा निजामी कागद उर्दूत. तिच्या माहेरच्या, म्हणजे उदगीरकडच्या जमिनीचा सातबारा मराठीत. भालकीच्या शेताची पहाणी कानडीत. एकाच घरची जमीन, तीन लिप्यांत.

नव्या पिढीला हे सांगायला हवं. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले आणि 1982 साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. राज्यं भाषेवर झाली, पण सोयरिकी त्याआधीच झालेल्या होत्या. आत्याचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या, असं झालं ते असं.

त्या रात्री आम्ही वही काढली आणि आत्याला विचारत गेलो. कोणाची मुलगी कुठं दिली, कोणाचं मूळ गाव कोणतं, दुष्काळात कोण कोणाच्या घरी राहिलं. रात्री एकपर्यंत ती सांगत होती. बावीस पानं झाली. यंदा चैत्रात आत्या गेली. उर्दू कागद वाचून देणारा दुसरा कोणी सापडेल. त्या बावीस पानांतलं सांगणारं माणूस आता आमच्या कुळात नाही.

तिसरा दिवस अमावास्येचा. कमलनगरवरून उदगीरकडे, मामांच्या शेतावर. आपण कानडीत एळ्ळ अमावास्या म्हणतो, ते वेळा अमावास्या म्हणतात. शेतात तीच कडब्याची कोप, तेच पाच पांडव, तीच भज्जी आणि मडक्यातली आंबिल. सीमेची पाटी ओलांडली तरी ताटातलं काही बदललं नाही.

पण एक गोष्ट बोचली. मामांचा नातू, सातवीतला, आमच्या गाडीचा नंबर बघून विचारतो, "काका, तुम्ही कर्नाटकचे, मग तुम्हाला मराठी कसं येतं?" पोराचा दोष नाही. त्यानं आम्हाला याआधी कधी पाहिलेलंच नव्हतं. 1760 साली भाऊसाहेबांनी निजामाला हरवलं ते उदगीर त्याला पाठ आहे. 2022 साली त्याच्या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तेही त्यानं पाहिलंय. पण पन्नास-साठ किलोमीटरवर आपलं कोण राहतं हे त्याला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या पोरांनाही तिकडचं कोणी माहीत नाही. शेवटी त्याला कोपीत बसवून वहीतलं एक पान दाखवलं. त्यात त्याच्या पणजोबांचं नाव होतं आणि शेजारी आमच्या आजीचं. बहीण-भाऊ. मग तो संध्याकाळपर्यंत मागंच होता.

चौथ्या दिवशी बीदर. तिथले आमचे स्नेही बिदरी काम करतात. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवायची आणि किल्ल्यातल्या जुन्या मातीनं भांडं काळं करायचं. ते दखनीत बोलतात, आम्ही मराठीत. चहा पिताना त्यांनीच दामाजीपंतांची कथा काढली. दुष्काळात कोठार उघडलं म्हणून रागावलेल्या बीदरच्या बादशहाकडे विठोबा विठू महाराच्या रूपात रक्कम घेऊन आला, ती. मंगळवेढ्याहून बीदरपर्यंत एकटा आला, एका माणसाची अडचण सोडवायला! देवाला जमलं, आपल्याला का जमू नये?

मंडळी, मोटारसायकल काढाच असं आमचं म्हणणं नाही. 2017 पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे आहे, बसगाड्या आहेत. आमचं मागणं तीनच गोष्टींचं. दिवाळीआधी एका तरी नातेवाइकाकडे काही काम नसताना जा. घरात जे सर्वांत वडील आहे, त्याच्याकडून नाती लिहून घ्या, मराठीत घ्या, कानडीत घ्या, पण घ्या. आणि पुढच्या खेपेला घरातलं एक मूल बरोबर न्या. नोकरी कानडीत, घर मराठीत, बाजार दखनीत, असं आपण जगत आलो आहोत. हे पुस्तकातून शिकवता येत नाही, घरोघर जाऊनच कळतं.

आम्हीही येत्या अमावास्येला पुन्हा निघणार आहोत. या वेळी मागच्या सीटवर आमची मुलगी असेल आणि वही तिच्या हातात.

 गणपती बाप्पा मोरया!