वर्गातील यंत्र आणि मुलाची भाषा



शिक्षणात यंत्र आले, असे अलीकडे मोठ्या अपूर्वाईने सांगितले जाते. वास्तविक साधनावाचून शिक्षण कधीच चालले नाही. पंतोजींच्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत. पुढे दगडी पाटी आली, फळा व खडू आला. बीदरच्या भूमीला तर ही परंपरा अधिकच परिचित. कारण महमूद गवानाने १४७२ साली येथे उभारलेल्या मदरशातील ग्रंथसंग्रहाची कीर्ती दूरवर पोचली होती. तेव्हा साधनाचे नावीन्य हा फारसा महत्त्वाचा भाग मानता येत नाही. ते मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, आणि ते बोलून थांबल्यावर वर्गात कोण उभे असते, येथे त्याची खरी परीक्षा होते.

या परीक्षेचा पहिला मोठा प्रसंग शेजारच्याच गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्याने पाहिला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, जवळजवळ तीन मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या राहिल्या आणि ज्या गावांनी चित्रपटही क्वचितच पाहिला होता, तेथे थेट आकाशातून चित्र उतरले. कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे त्यात होते. सकाळचा दीड तास शाळेतील मुलांसाठी राखलेला असे. हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना याच मार्गाने विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. प्रयोगातील हा भाग सर्वांत दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. कारण उपग्रह वर्षाने निघून गेला, शिक्षक मात्र गावातच राहिला.

या चार भाषांत मराठी नव्हती. त्यात कोणाचा आकस नव्हता. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, एवढेच. परंतु भाषा राज्याच्या सीमेवर येऊन थबकत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी म्हैसूर राज्यात आले. घरातील बोली दोन्हीकडे तीच राहिली. येथील मूल घरी मराठी, बाजारात कन्नड व दखनी ऐकत वाढते. कन्नड ही राज्यभाषा. ती त्याने उत्तम शिकलीच पाहिजे. पण अपूर्णांक वा बाष्पीभवन प्रथम समजून घ्यायचे, ते आईच्या भाषेतच. विशेष हे, की त्या उपग्रहावरून एकाच चित्रासोबत दोन भाषांचा आवाज पाठविण्याची सोय होती. म्हणजे यंत्राची अडचण तेव्हाही नव्हती!

आजही स्थिती फार वेगळी नाही. कर्नाटकातील मराठी शाळांची पुस्तके कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीत छापते. महाराष्ट्रातील पुस्तके निराळी. दोन्हींतील पाठ व त्यांचा क्रम एकच नाही. त्यामुळे पुण्यात तयार झालेला दृक्‌श्राव्य पाठ औरादच्या वर्गात जसाच्या तसा चालतोच असे नाही. तो निवडून, जोडून, मध्येच थांबवून समजावून द्यावा लागतो. हे काम शिक्षकाचे.

ते एकटा शिक्षकही कसे करू शकतो, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून कविता, गोष्टी व पाठ मुलांना ऐकता-पाहता येतील अशी योजना केली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी महासाथीने शाळा बंद होत्या. कर्नाटकात दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरून पाठ दाखविले गेले. परंतु ज्या घरी दूरचित्रवाणी वा चांगला फोन नाही, तेथील मुलाचे काय? म्हणून ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना निघाली. शिक्षक गावोगाव जाऊन झाडाखाली, समाजमंदिरात, देवळाच्या आवारात मुलांना शिकवू लागले. संसर्गाच्या भयाने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली, हे खरे. तरीही यंत्र जेथे पोचले नाही तेथे देऊळ पोचले, ही गोष्ट महाजन कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सभामंडप आहे, वीज आहे, ध्वनिक्षेपक उत्सवापुरता का होईना, आहेच. उणीव आहे ती येथल्या मातीतल्या पाठांची. बीदरी कामाचेच घ्या. जस्त व तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची नक्षी बसविल्यावर कारागीर किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतो. धातू काळाभोर होतो आणि चांदी मात्र लखलखीत राहते. रसायनशास्त्राचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात आहे? नौबादच्या भुयारी जलमार्गात भूगोल आहे, तुरीच्या शेतात वनस्पतिशास्त्र आहे. महाजन घराण्यांतील तरुणांनी असे दहा-दहा मिनिटांचे पाठ चित्रित करावेत, शिक्षकांकडून तपासून घ्यावेत, आणि प्रत्येकास दोन आवाज द्यावेत: एक मराठी, दुसरा कन्नड. प्रारंभ बीदरी कारागिराच्या भट्टीपासून करता येईल.