करमणुकीची स्थळे आणि चाकाची खुर्ची



गोमंतकाचे सार्वजनिक जीवन संध्याकाळी बहरते. तियात्राचा प्रयोग, जत्रेतील नाटक, नाक्यावरचे तावेर्न, किनाऱ्यावरील शॅक, शहरातील मद्यालय. या ठिकाणी माणसे येतात ती केवळ खाण्यापिण्यासाठी नव्हे, तर एकमेकांच्या सहवासासाठी. परंतु चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याची संध्याकाळ पुष्कळदा पहिल्या पायरीपाशीच संपते. मित्र त्याला खुर्चीसकट उचलून आत नेतात. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. तथापि चारचौघांत उचलले जाणे आणि परत निघण्याची वेळही इतरांच्या सोयीने ठरणे प्रौढ माणसाला बोचते. दोनचार वेळा असे घडले, की तो ‘आज बरे वाटत नाही’ असे सांगून घरीच राहतो.

हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत जनतेस खुल्या असलेल्या, व्यापार वा करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या खाजगी इमारतीही येतात. सुगम्यतेची मानके ऐच्छिक न राहता बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणी दिला.

आता करावयाचे काय? उतरणीचे साधे प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी 180 सेंटिमीटर लांबीची उतरण हवी. घाईने टेकवलेल्या आखूड फळीवर खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. दार 90 सेंटिमीटर रुंद असावे. जुन्या घराचे जोते उंच असल्यास बाजूचे वा मागचे सपाट दार उपयोगी पडते. मात्र ते कुलूपबंद नसावे. उंच स्टुलांच्या जोडीला गुडघे आत जातील असे एक तरी साधे टेबल असावे. वाळूत चाके रुततात. तेथे टेबलापर्यंत फळ्यांची घट्ट वाट घालता येते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते शौचालयाकडे. खुर्ची वळण्यास जागा आणि भिंतीस आधाराचे दांडे नसतील, तर पाहुणा पाणी पिण्यासही कचरतो. अशा खोलीची बाटल्यांच्या खोक्यांसाठी कोठी होऊ नये. संकटकाळी बाहेर पडण्याची वाटही पायऱ्यांविना आणि मोकळी असावी.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला. उत्सवाच्या दिवसांत दिसलेले स्वागत गावोगावच्या दारांत वर्षभर दिसावे. पंचायतींनी बांधकामाचे नकाशे मंजूर करताना उतरण अवश्य पाहावी. अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजमाप घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील सभागृहांच्या व दुकानांच्या पायऱ्या मोजवून घ्याव्यात. मालकांनी तर एकदा चाकाच्या खुर्चीत बसून आपल्याच दारातून आत येऊन पाहावे. दार कोठे अडते, हे सांगण्यासाठी मग दुसऱ्या कोणाची गरज उरणार नाही.