कीटकनाशकाचा रिकामा डबा : फेकू नका, वापरू नका
(चिखलदरा येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कोणत्या किडीवर काय फवारावे हे आपण नेहमीच ऐकता. फवारणी संपल्यावर हातात राहिलेल्या डब्याचे काय करावे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज तेवढेच सांगणार आहे.

कीटकनाशकाला आपण औषध म्हणतो. शब्द रूढ आहे, मीही वापरतो. पण त्या नावामुळेच विषाचा डबा निर्धास्तपणे घरात येतो. घट्ट झाकणाचा मजबूत डबा टाकवत नाही. मग तो धुऊन त्यात तेल, बियाणे, कधी पाणीही भरले जाते. जुलै 2013 मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. वऱ्हाडात कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेलेले तेच हे औषध. त्याचा अंश प्लास्टिकमध्ये मुरतो. राखेने किंवा साबणाने कितीही घासले तरी त्या डब्यात खाण्यापिण्याची वस्तू ठेवू नये.

डबा धुवायचा तो शेतावर, फवारणीच्या वेळीच. पंप पूर्ण भरण्याआधी डबा त्यात रिता करून अर्धा मिनिट उपडा धरावा. नंतर पाव डबा पाणी घेऊन, झाकण लावून खळखळून हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. हातमोजे विसरू नयेत. तळाशी राहिलेले औषधही आपण पैसे मोजूनच घेतलेले असते, ते पिकाला लागते. मग बुडाला खिळ्याने छिद्रे पाडावीत, म्हणजे डबा कोणी पुन्हा वापरणार नाही.

आता पुढचा प्रश्न. कीटकनाशक नियम, 1971 मधील नियम 44 प्रमाणे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. परंतु चिखलदऱ्याची जमीन पाहा. उताराची, मुरमाड, मातीचा थर उथळ आणि खाली भेगाळलेला खडक. पाऊस पंधराशे मिलिमीटरच्या घरात. इथे पुरलेले विष पाझरून नाल्यात किंवा झऱ्यात उतरू शकते, आणि झऱ्याचे पाणी लोक पितात. हेच पाणी पुढे सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांतून खाली जाते. शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडील गावे पितात. म्हणून माझ्या मते या डोंगरावर पुरणे हा शेवटचा उपाय समजावा. पुरावेच लागले तर विहीर, झरा, नाला यांपासून दूर, खोल मातीची जागा निवडावी.

त्याहून बरे म्हणजे धुतलेले, छिद्रे पाडलेले डबे पोत्यात भरून घरापासून दूर ठेवावेत आणि परतवाड्याला जाताना विक्रेत्याकडे परत न्यावेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार पहिल्यांदा कुरकुरेल. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मागणी केली तर टाळणे त्याला कठीण जाईल. भंगारवाल्याला मात्र हे डबे देऊ नयेत, चुलीत तर मुळीच घालू नयेत. धूर विषारी असतो.

घरात अर्धवट उरलेल्या बाटल्यांचे काय? त्या मूळ बाटलीतच, लेबलसह, कुलपात ठेवाव्यात. दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवण्याची सवय जीवघेणी आहे. मुदत संपलेले औषध नाल्यात, शौचालयात ओतू नये. विक्रेत्याला किंवा तालुका कृषी कार्यालयाला विचारावे. पुढच्या हंगामात एकरी हिशेब करून लागेल तेवढेच घ्यावे. एवढे झाले तरी निम्मी अडचण राहणार नाही.

आणि कोणाच्या पोटात औषध गेलेच, तर उलटी करवण्यात, मिठाचे पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. रोग्याबरोबर ती बाटली दवाखान्यात न्या. लेबल पाहिल्यावर कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टरांना लवकर ठरवता येते.